गोष्ट उभी कशी राहते?



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माझी सारी नोकरी झाली. मी लेखक नव्हे, शाळामास्तर. मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवली, नकाशे काढायला लावले आणि शनिवारी शेवटच्या तासाला गोष्टी सांगितल्या. त्या शेवटच्या तासानंच मला सगळ्यांत जास्त शिकवलं. तेव्हा गोष्ट म्हणजे काय, ती उभी कशी राहते आणि कशानं कोसळते, याविषयी आज चार शब्द बोलणार आहे. शिक्षक बंधुभगिनींना त्याचा वर्गात उपयोग होईल; आणि तुम्ही शेतकरी मंडळी, तुम्ही तर रोज पारावर गोष्टी सांगताच. आपण काय करतो हे एकदा नीट पाहिलं, तर बिघडत नाही.

पारावर कुणी काही सांगू लागला, की ऐकणाऱ्याच्या तोंडून केव्हा तरी तीन शब्द निघतात : “मग काय झालं?” हे तीन शब्द निघाले की गोष्ट उभी राहिली. नाही निघाले, तर सांगणाऱ्यानं कितीही घसा कोरडा केला तरी ती नुसती माहिती. मग हे तीन शब्द येतात कशानं? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. कऱ्हेच्या काठावरच ते आहे.

श्रीधरस्वामींचं ‘शिवलीलामृत’ तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. श्रावणात, शिवरात्रीला त्याचं वाचन होतं. ही पोथी शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८-१९ च्या सुमारास, बारामतीत लिहून पुरी झाली. तीनशे वर्षं लोक ती ऐकत आहेत. पुण्य मिळतं म्हणून ऐकतात हे खरंच. पण पुण्याच्या पुष्कळ पोथ्या माळ्यावर धूळ खात पडल्या, ही नाही पडली. कारण श्रीधरांना गोष्ट सांगता येत होती.

त्यातली शिवरात्रीच्या व्याधाची कथा आठवा. शिकार मिळालेली नाही. घरी बायकापोरं उपाशी. रात्र पडली, व्याध बेलाच्या झाडावर दबा धरून बसला. हरिणी पाण्यावर आली. त्यानं बाण जोडला. तशी हरिणी म्हणते, मला एवढी वेळ सोड, घरचं पाहून मी परत येते. व्याध तिला सोडतो.

आता इथं थांबा आणि पाहा, तुमच्या मनात काय झालं. ‘मग काय झालं?’ हा प्रश्न आपोआप आला की नाही? ती येईल का? न आली तर व्याधाच्या पोरांचं काय? आली तर तिच्या पाडसांचं काय? गोष्टीचा सारा जोर इथं आहे. व्याध नुसता दुष्ट असता आणि हरिणी नुसती गरीब असती, तर आपण हरिणीच्या बाजूनं उभे राहून मोकळे झालो असतो. पण इथं दोघांचंही खरं आहे. इकडेही भुकेलेली पोरं, तिकडेही वाट पाहणारी पाडसं. मध्ये एक दिलेला शब्द आणि पहाटेपर्यंतची मुदत.

दोन खऱ्या गरजा समोरासमोर आल्या, मध्ये शब्द अडकला आणि वेळ थोडा राहिला, की गाठ पडते. गोष्ट म्हणजे ही गाठ मारणं आणि ऐकणाऱ्यासमोर ती सोडवणं.

त्याच बारामतीत पुढं मोरोपंत होऊन गेले. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. पण आयुष्य गेलं बारामतीत, नाईकांच्या आश्रयाला. १७९४ मध्ये ते वारले. त्यांनी १०८ रामायणं रचली असं सांगतात. एकच कथा, जी ऐकणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक! रावण मरणार, सीता सुटणार, सगळं माहीत. मग पुन्हा पुन्हा सांगायची कशाला? तर सांगण्याची तऱ्हा बदलली की ऐकणाऱ्याचं लक्ष वेगळ्या जागी जातं म्हणून. त्यांचं एक निरोष्ठ रामायण आहे. ओठाला ओठ लावून ज्यांचा उच्चार होतो ती अक्षरं त्यात येऊ द्यायची नाहीत, असा त्याचा नेम. आता ‘म’ म्हणायला ओठ मिटावेच लागतात. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचं नाही! हा विद्वानाचा खेळ झाला, तुमच्याआमच्या आवाक्यातला नव्हे. पण त्यातून घेण्यासारखी गोष्ट एक आहे. काय सांगायचं एवढंच महत्त्वाचं नसतं. काय सांगायचं नाही, हेही सांगणाऱ्यानं ठरवायचं असतं.

हे सगळं आता आपल्या रानात आणून पाहू. बारामती-इंदापुराला नीरेचा डावा कालवा आहे. १८८५ च्या सुमारास त्याचं पाणी या माळांवर आलं आणि इथली शेती पालटली. पाणी आलं, त्याबरोबर पाळी आली, पाटकरी आला आणि रात्री-अपरात्री दारं धरणं आलं. दारं धरताना झालेली भांडणं मोजायची म्हटली तर वही पुरणार नाही. त्यातलंच एक घेऊ. शेजारी दोघे : एक तात्या, एक अण्णा. नावं माझी आहेत, खरी नव्हेत. असं का, ते पुढं सांगतो.

पारावर बातमी येते ती अशी : “काल रात्री अण्णानं चारी फोडली आणि तात्याचं पाणी चोरलं.” संपलं. ऐकणारा म्हणतो, “अरेरे!” आणि तंबाखू मळू लागतो. ‘मग काय झालं’ हे त्याच्या तोंडून निघत नाही, कारण न्याय आधीच होऊन गेला. चोर ठरला, साव ठरला; आता विचारायचं काय?

हीच गोष्ट आपण उभी करू. पहिला प्रश्न, सुरुवात कुठून? नवखा माणूस कालवा कधी झाला, तात्याची जमीन किती, भाऊबंद किती, इथून सुरू करतो. ऐकणारा जांभई देतो. सुरुवात करावी ती जिथं काही तरी चुकलंय तिथून. मध्यरात्री तात्याची पाळी. तात्या खोरं घेऊन बांधावर आला, वाकून पाटात हात घातला, तर हाताला कोरडी माती लागली. बस्स! कालवा, पाळी, चारी, सगळं त्या कोरड्या मातीत आलं. वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न, तपशील कोणता घ्यायचा? मुलं लिहितात, ‘रात्र भयाण होती, सोसाट्याचा वारा सुटला होता.’ या वाऱ्याचं पुढं काय होतं? काहीच नाही. तपशील असा निवडावा, की जो पुढं कामाला येईल. आपण असं सांगू : तात्याच्या डोक्यावरचे केस नुकते फुटू लागले होते, गारठा थेट टाळूला लागत होता, म्हणून त्यानं टॉवेल घट्ट गुंडाळला. ऐकणारा मनात म्हणतो, याचं मुंडण झालेलं दिसतंय, घरात कुणी तरी गेलंय. आपण काही बोलायचं नाही. पुढं चालायचं.

तात्या बॅटरी घेऊन चारीच्या कडेनं वर निघाला. दोन शेतं गेली. तिसऱ्या शेताशी पाण्याचा आवाज आला. चारीला बगल देऊन अण्णानं पाणी आपल्या शाळूत घेतलेलं. तात्याच्या हातात खोरं. अण्णा वाफ्यात गुडघाभर चिखलात. आता पाहा, व्याधाच्या हाती बाण होता, इथं खोरं आहे. तात्या शिवी हासडतो. अण्णा वर पाहतो आणि म्हणतो, “शाळू पोटऱ्यात आलाय, तात्या. मागली पाळी माझी बुडाली.”

“बुडाली म्हणून माझी घेतोस?”

“कशापायी बुडाली, इचार की.”

तात्या गप्प होतो. टॉवेलावरून त्याचा हात डोक्याला जातो. मागल्या पाळीच्या रात्री त्याचा बाप गेला होता. आणि सबंध रात्र, सकाळची माती होईस्तोवर, अण्णा त्याच्या दारात बसून होता.

आता तो मुंडणाचा तपशील कामाला आला. आपण तो आधी पेरून ठेवला होता म्हणून आता उगवला. अण्णा मागल्या पाळीला मातीला आला होता, हे आपण आरंभीच सांगून टाकलं असतं, तर गाठ पडली नसती. अजिबात पेरलंच नसतं आणि शेवटी एकदम काढून दाखवलं असतं, तर ऐकणारा म्हणाला असता, “गुरुजींनी ऐन वेळी खिशातून काढलं.” पेरणी वेळेवर हवी, आणि बी मातीखाली झाकलेलं हवं.

तिसरा प्रश्न, शेवट कसा करायचा? शाळेतली पोरं इथं लिहितात : ‘तात्याला आपली चूक कळली. तात्पर्य, शेजाऱ्यावर प्रेम करावे.’ असा शेवट मी वर्षानुवर्षं करवून घेतला, त्याला दहापैकी आठ गुणही दिले. पण बांधावरचा माणूस असं बोलतो का हो? तात्यानं काय केलं असेल? तो खोरं मातीत रोवतो, बांधावर बसतो आणि विचारतो, “किती वाफे राहिल्यात?”

एवढंच. माफ केलं हा शब्द नाही, उपकार हा शब्द नाही. पण त्या तीन शब्दांत सगळं आलं. ऐकणाऱ्याला ते आपलं आपण उमगलं, म्हणून ते त्याचं झालं. तात्पर्य तुम्ही सांगितलंत, तर ते तुमचंच राहतं.

हे असं, माणसाच्या बोलण्यातून माणूस दाखवणं, आपल्याकडच्या थोर कथाकारांना फार चांगलं साधलं होतं. व्यंकटेश माडगूळकर मूळचे माणदेशातल्या माडगूळचे. त्यांनी पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचं काम पुष्कळ वर्षं केलं. त्यांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये पुस्तकरूपानं आली. धनगरांच्या एका वाडीवर नवखा तरुण मास्तर शाळा चालवायला येतो. वाडी कशी आहे हे आपल्याला आधी कुणी सांगत नाही. मास्तराबरोबर आपणही पायवाटेनं चालत जातो आणि त्याला जसं कळतं तसं आपल्याला कळतं. कोण सांगतो, हे ठरवलं की काय दिसणार, हे ठरतं. कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो, माणसं आणि मेंढरं परागंदा होतात, वाडी ओस पडते. लेखक तिथं गळा काढत नाही. म्हणूनच आपला गळा दाटतो. शिक्षकांनी ही कादंबरी वाचली नसेल तर जरूर वाचावी. ती आपल्याच धंद्याची गोष्ट आहे.

आणि नीरेच्या पलीकडच्या अकलूजला १९२७ मध्ये द. मा. मिरासदार जन्मले. ते, माडगूळकर आणि शंकर पाटील, तिघांनी गावोगाव फिरून कथाकथनाचे कार्यक्रम केले. कागदावरची कथा त्यांनी पुन्हा कानाशी आणली. वाक्य मोठ्यानं म्हणून पाहावं, अडखळलं तर ते वाक्य चुकलं, ही कसोटी मी अशा कार्यक्रमांतूनच शिकलो.

आता मंडळी, आतापर्यंत सांगितलं ते कसबाचं. पण कसब हाती आलं म्हणजे झालं असं नाही. माझ्या हातून एकदा एक चूक घडली, ती सांगितल्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही.

आपल्या भागात उसाच्या हंगामाला टोळ्या येतात. दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरभरून माणसं येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात. एका हंगामात अशाच एका टोळीतली एक मुलगी माझ्या वर्गात बसू लागली. मी ‘माझी दिवाळी’ असा निबंध घातला. सगळ्यांनी लिहिलं : नवे कपडे, फराळ, फटाके, किल्ला. हिनंही तेच लिहिलं. मी तिला जवळ बोलावून म्हटलं, “बाळ, हे पुस्तकातलं झालं. तुझी दिवाळी लिही.”

दुसऱ्या दिवशी तिनं दीड पान आणून दिलं. दिवाळी ट्रकमध्ये झाली होती. आईनं वळकटीच्या आडोशाला पणती लावली, ती वाऱ्यानं विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली. वाटेत ट्रक थांबला तेव्हा उचलीवरून मुकादमानं बापाच्या थोबाडीत मारली. शेवटचं वाक्य होतं, ‘अप्पा रडले.’

मला इतका आनंद झाला, की काय सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक खरा कागद हाती आला होता. मी तो भर वर्गात, तिच्या नावासकट, मोठ्यानं वाचून दाखवला. वाचून झाल्यावर वर्ग स्तब्ध झाला, आणि मला वाटलं, माझं शिकवणं फळाला आलं. मुलीकडे मी पाहिलंच नाही.

संध्याकाळपर्यंत ती हकिकत कोप्यांवर पोचली. सकाळी तिचा बाप फडावर जायच्या आधी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. कोयता खांद्याला. आत आला नाही. म्हणाला, “गुरुजी, पोरीला शिकवा. पर आमची अब्रू येशीला टांगू नका.” आणि निघून गेला. मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

चार दिवस मुलगी आली नाही. पाचव्या दिवशी आली, ती सरळ माझ्या टेबलाशी. मी माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, “गुरुजी, मी पुन्यांदा लिव्हते. पर नाव दुसरं लावते. अप्पाच्या जागी मामा करते.”

तिनं लिहिलं. आणि श्रोते हो, ते पहिल्यापेक्षा सरस होतं. पहिल्या कागदावर ‘अप्पा रडले’ एवढंच होतं; मुलीनं बाहेरून जे पाहिलं तेवढंच. नव्या कागदात मामा झोपेचं सोंग घेऊन पडला आहे, गोधडीच्या आत बोटांच्या पेरांवर उचलीतले उरलेले पैसे मोजतो आहे, आणि पुन्हा पुन्हा हिशेब चुकतो आहे. हे तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. बापाविषयी ते लिहायला तिची जीभ रेटली नसती. मामा केला, नाव बदललं, तेव्हा ती त्या गोधडीच्या आत शिरू शकली.

त्या दिवशी मला कळलं, की कल्पित कथा माणसानं कशासाठी निर्माण केली. गोष्ट म्हणजे खोटं, असं आपण मुलांना सहज बोलून जातो : ‘गोष्टी सांगू नकोस, खरं बोल!’ पण नाव बदलणं, गाव बदलणं, बापाचा मामा करणं, हे खोटं बोलणं नव्हे. त्या मुलीच्या आईनं पणतीला वळकटीचा आडोसा केला होता, तसाच हा खऱ्याला केलेला आडोसा. उघड्यावर ते विझलं असतं.

हंगाम संपला, टोळी गेली. तो कागद मी तिचा तिला परत दिला. मुलीचं गाव मी तुम्हाला सांगितलं नाही, साल सांगितलं नाही, आणि जे सांगितलं त्यातही थोडा आडोसा केला आहे. तात्या-अण्णांच्या बाबतीतही तेच. ते कुठल्या चारीवरचे, हे कुणी विचारू नये.

शिक्षकांनो, यातून वर्गात करण्यासारखं काय? चार गोष्टी सुचवतो. पहिली : ‘माझा आवडता सण’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असे मोठे विषय सोडून लहान विषय द्या. ‘पाणी आलं नाही ती रात्र’, ‘घरात हरवलेली वस्तू’, ‘आई गप्प होती तो दिवस’. दुसरी : तात्पर्य लिहू देऊ नका, शेवटच्या दोन ओळी खोडायला लावा आणि गोष्ट उभी राहते का पाहा. बहुतेक वेळा राहते. तिसरी : पात्रांना आपल्या तोंडची भाषा बोलू द्या. ‘व्हय’ लिहिलं म्हणून गुण कापू नका. कथन शुद्ध असावं, पण अण्णाच्या तोंडी अण्णाचंच बोलणं शोभतं. आणि चौथी, जी मी स्वतः मोडली : मुलाला विचारल्याशिवाय त्याचा कागद कुणाला वाचून दाखवू नका. आधी नाव बदलायला शिकवा, मग खरं लिहायला सांगा.

आणि घरोघरच्या मंडळींना एक विनंती. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि इंदापूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या गावांची जुनी घरं, रानं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं, की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर दिसू लागतं आणि लोक होडीनं बघायला जातात. दगडाचं देऊळ दिसतं. पण ज्या ओट्यावर बसून आजी शेंगा फोडायची, तो ओटा पाणी उतरलं तरी दिसत नाही. तो पाहिलेली माणसं आता म्हातारी झाली. आज जेवणं झाल्यावर घरातल्या पोराला त्यांच्याजवळ बसवा. ‘जुन्या गावाची माहिती सांगा’ असं त्यानं विचारू नये. माहिती विचारली की म्हातारी माणसं म्हणतात, “काय सांगायचं बाबा, गेलं सगळं.” त्यानं असं विचारावं : “घर सोडलं त्या दिवशी सगळ्यांत शेवटी काय उचललं?”

उत्तर यायला थोडा वेळ लागेल. पोरानं मधे बोलू नये. मग कुणी म्हणेल जातं, कुणी म्हणेल दाराची कडी, कुणी म्हणेल तुळशीची माती. त्यावर पोराच्या तोंडून ते तीन शब्द आपोआप निघतील. तेव्हा रेडिओ बंद करा आणि ऐका.